भिंतीबाहेरचं काम

बी.ए. झालेली मुलं-मुली "सर, आता पुढं काय?" असं विचारत आली की माझं उत्तर ठरलेलं असे. पोलीस भरतीचा अर्ज भरा. कारागृह शिपायाच्या जागा निघाल्या असतील तर त्याही सोडू नका. पहाटे सोळाशे मीटर पळा, गोळाफेकीचा सराव करा, लेखी परीक्षेचं गणित पक्कं करा. यवतमाळ जिल्ह्यात घराचं वर्ष कापसाच्या भावावर आणि पावसाच्या खंडावर ठरतं. अशा घरात एक पगार सुरू झाला की धाकट्याचं शिक्षण होतं, बहिणीचं लग्न कर्जाशिवाय होतं, बापाचं सावकाराच्या दारात जाणं थांबतं. समाजशास्त्र शिकवताना मी हे घडताना पाहिलं आहे. म्हणून तो सल्ला मी आजही देतो.

त्या सल्ल्याला जोडून मी आणखी एक गोष्ट सांगत असे, ती मात्र आता सांगत नाही. एखादी मुलगी म्हणाली, "सर, मला एम.एस.डब्ल्यू.ला गुन्हेगारीशास्त्र आणि सुधारात्मक प्रशासन घ्यायचं आहे," की मी तिला दुसऱ्या विषयाकडं वळवायचो. वैद्यकीय समाजकार्य घे, ग्रामविकास घे, हा विषय आपल्या भागातल्या मुलांसाठी नाही, असं माझं म्हणणं असे.

माझी कारणं विचाराअंती आलेली होती, म्हणून ती आधी नीट मांडतो. पहिलं कारण जागांचं. तुरुंगाशी संबंधित नोकरी म्हणजे शिपाई, हवालदार, सुभेदार, तुरुंगाधिकारी, अधीक्षक. शिपायाची वाट मैदानातून जाते, अधिकाऱ्याची स्पर्धा परीक्षेतून. मग दोन वर्षं घालवून हा विषय शिकायचा कशासाठी? दुसरं कारण अंतराचं. हा विषय मुंबईत रुजला, टाटा समाजविज्ञान संस्थेत वाढला. तिथली मुलं आर्थर रोड, भायखळा, येरवडा इथं काम करतात. आपल्या जिल्ह्याला एक जिल्हा कारागृह; मोठी शिक्षा झाली की माणूस अमरावतीला नाही तर नागपूरला जाणार. तिसरं कारण माझ्या मनात सगळ्यांत खोल होतं. ज्याच्या गोठ्यातली बैलजोडी चोरीला गेली, जिच्या गळ्यातलं मंगळसूत्र हिसकलं गेलं, त्यांच्या दारात चौकशीला कुणी जात नाही. आपली थोडीफार शिकलेली मुलं आहेत, ती आरोपीच्या मागं का लावायची?

माझ्या एका विद्यार्थिनीनं तरीही हाच विषय घेतला. तिचे वडील मला भेटायला आले होते. "सर, एवढं शिकून पोरीनं जेलातच जायचं काय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्याच बाजूनं बोललो. तिनं ऐकलं नाही. पदवी घेतल्यावर ती कच्च्या कैद्यांच्या घरच्यांना भेटून माहिती गोळा करण्याच्या कामाला लागली, तेही कंत्राटावर. चौकशीचे अहवाल मराठीत लिहायचे असत आणि ते वकिलामार्फत कोर्टापुढं जायचे. भाषा नेमकी व्हावी म्हणून ती नावं-गावं झाकून ते अहवाल माझ्याकडं तपासायला आणू लागली. मी शुद्धलेखन दुरुस्त करायला बसलो. ते वाचता वाचता माझं मत बदलत गेलं.

एका अहवालातला मुलगा जेमतेम विशीचा, मारेगाव-झरी भागातल्या कोलाम पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, मोबाइल चोरीच्या गुन्ह्यातला. जामीन मंजूर होऊन महिने उलटले होते आणि तो आतच होता. माझा समज असा की जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला. अहवालात एकेक ओळ होती: पोडावर स्वतःच्या नावाचा सातबारा असलेला माणूस नात्यात नाही, वनहक्काचा दावा अजून निकाली निघालेला नाही, आईला कोर्ट नेमकं कुठं आहे ते ठाऊक नाही, जामीनदार म्हणून कोण उभं राहणार, हा प्रश्न तिला आजवर कुणी तिच्या भाषेत विचारलेलाच नव्हता. त्या मुलाला आत ठेवणारा कायदा नव्हता, न्यायाधीशाचा आदेशही नव्हता. बाहेरून कुणीतरी येऊन त्याची परिस्थिती कागदावर मांडायची राहिली होती, एवढंच कारण होतं.

मग मी कायद्याकडं वळलो. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ रोजी याच अडचणीवर निर्देश दिलेले आहेत. जामीन मिळून सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याची किंवा विधी स्वयंसेवकाची मदत घेऊन त्या माणसाच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीचा अहवाल करायचा आणि अट शिथिल करण्यासाठी तो कोर्टापुढं ठेवायचा. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टानं स्वतःहून अट बदलण्याचा विचार करायचा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, असंही न्यायालयानं म्हटलं. केंद्र सरकारच्या २०२३ च्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. तिथंही पहिली पायरी त्याच्या ऐपतीची चौकशी हीच आहे. तरतूद आहे, पैसा आहे, आदेश आहे. पोडावर जाऊन अहवाल लिहिणारा माणूस मात्र लागतो.

देशाचं चित्र पाहिलं तेव्हा हा एका मुलाचा प्रश्न उरला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि जागा ४,३६,२६६ जणांची होती. आत असलेल्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार बंद्यांमागं तिघांचा गुन्हा अजून शाबित व्हायचा होता. शिक्षा झालेल्यांना सुधारायचं शास्त्र, अशी माझी या विषयाबद्दलची समजूत होती. प्रत्यक्षात त्याचं बरंच काम शिक्षेच्या आधीचं आणि शिक्षा टाळण्याचं आहे.

१९५८ चा अपराधी परिविक्षा कायदा मी विद्यार्थ्यांना एका व्याख्यानात उरकून शिकवत असे. आता तो नीट वाचला. गुन्हा जन्मठेपेचा नसेल आणि आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्यापूर्वी कोर्टानं परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, आणि तुरुंगाशिवाय दुसरा मार्ग योग्य नसेल तर त्याची कारणं लिहायची, असं सहावं कलम सांगतं. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसावर दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता लागू होत नाही, असं बारावं कलम सांगतं. भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या मुलांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! गावच्या भांडणात, मिरवणुकीतल्या हाणामारीत नाव आलं म्हणून पळणं सोडून दिलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरी जाऊन, शाळेत विचारून, शेजाऱ्यांशी बोलून "हा मुलगा असा आहे" असं कोर्टाला लिहून देणारा माणूस त्यांना लाभला असता, तर कदाचित त्यांची वाट बंद झाली नसती.

दुसऱ्या एका अहवालानं अंतराबद्दलचं माझं कारण मोडीत काढलं. पुसद-महागाव भागातल्या तांड्यावरचा एक माणूस तारखेला हजर राहिला नाही म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालं होतं. समन्स तांड्यावर गेलं तेव्हा घराला कुलूप होतं. माझ्या विद्यार्थिनीनं तांड्याच्या नायकाशी आणि कारभाऱ्याशी गोरमाटीत बोलून लिहिलं, की दिवाळीनंतर हे कुटुंब मुकादमाची उचल फेडायला ऊसतोडीला जातं आणि उन्हाळा लागला की परततं. गेली कित्येक वर्षं हाच क्रम आहे. "सर, हा पळाला नोहता, कामाले गेलता," असं ती सांगत होती. मी विचार केला, मुंबईहून आलेल्या कितीही हुशार अभ्यासकाला हे कुलूप पाहून काय कळलं असतं? कोणत्या महिन्यात तांडा रिकामा होतो, पोडावरची माणसं कापूस वेचायला तेलंगणात कधी उतरतात, पारधी बेड्यावर (वस्तीवर) कुणाच्या शब्दाला मान आहे, हे इथल्याच मुलीला ठाऊक. उमरखेडहून यवतमाळला यायचं म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक अंतर, एका दिवसाची मजुरी बुडते आणि तिकीट वेगळं. तुरुंगात मुलाखतीला घरचं कुणी आलं नाही याचा अर्थ घरच्यांनी टाकलं, असा लावायचा की गाडीभाडं नव्हतं असा, हे ठरवायलासुद्धा जिल्हा माहीत असावा लागतो. हा विषय आपल्या भागाचा नाही असं मी म्हणत होतो. त्याची खरी गरज आपल्याच भागाला आहे.

पारधी बेड्यांबद्दल तर हे दुपटीनं खरं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवलं. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी संशय उरला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरलं आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं गेलं. कारागृह नियमपुस्तिकांमधल्या विमुक्त जमातींविषयीच्या शेऱ्यांचाही न्यायालयानं समाचार घेतला. पुस्तकातला रकाना आदेशानं जातो. अधिकाऱ्याच्या, शिपायाच्या, शेजाऱ्याच्या मनातला रकाना घालवायला शिकवलेली माणसं लागतात. म्हणून हा विषय खाकीत जाणाऱ्या मुलांनाही शिकवावा, असं आता माझं म्हणणं आहे. येरवड्याच्या दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालयात तुरुंगाधिकारी घडवले जातात. तिथं पोचण्याआधीच मुलानं समाजशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र वाचलेलं असेल, तर तो बराकीतल्या माणसाकडं वेगळ्या नजरेनं पाहील.

या विषयाला आपल्याकडं परंपरा नाही, असाही माझा समज होता. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना आणि औंधच्या राजांचा पाठिंबा यांतून कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करत, कुटुंबासह राहू देण्याचा प्रयोग तिथं उभा राहिला. त्यावरूनच व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' आला. १९५१-५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस भारतात आले. त्यांच्या भेटीनंतर तुरुंग अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला आणि या शिक्षणाला जोर मिळाला. टाटा संस्थेनं १९९० मध्ये 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ते कोठडीत, तुरुंगात आणि सुटकेनंतरही माणसाबरोबर काम करू लागले. आपल्या शेजारी अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुलं कारागृह आहे. ही सगळी वाट मराठी मुलखातच आखलेली आहे.

आता जागांबद्दल. तुरुंगातल्या गणवेशाच्या नोकऱ्या मला माहीत होत्या. भिंतीबाहेरच्या मी मोजतच नव्हतो. महिला व बालविकास विभागाकडं परिविक्षा अधिकारी असतात. बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य बसतात आणि त्यांत एक तरी महिला असावी लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाची माहिती मिळाल्यापासून दोन आठवड्यांत त्याच्या घरचा सामाजिक चौकशी अहवाल द्यावा लागतो. जिल्हा बालसंरक्षण कक्ष आणि निरीक्षणगृहातलं समुपदेशन यांनाही हेच शिक्षण लागतं. कायद्याची पदवी जोडली तर लोक अभिरक्षक कार्यालयात गरीब आरोपीचं वकीलपत्र घेता येतं. मानसशास्त्राची जोड दिली तर तुरुंगात समुपदेशक होता येतं. संशोधन आहे, अध्यापन आहे, सुटून आलेल्यांना काम आणि निवारा मिळवून देणाऱ्या अनुरक्षण संस्था आहेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनं आणखी एक दार उघडलं आहे. पाच हजार रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि ऐवज परत केला असेल, तर तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. ही सेवा कुठं करायची, ती झाली की नाही हे कोण बघणार, त्या माणसाचा अपमान न होता ती कशी करून घ्यायची, हे ठरवायला प्रशिक्षित माणसं लागणार आहेत. त्याच दिवसापासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, पहिल्यांदाच आरोप आलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायचं आहे. देहदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे मात्र त्यातून वगळले आहेत. तो पात्र आहे हे हुडकायलाही कुणीतरी कागद वाचत बसावं लागतं.

हे चित्र गुलाबी करून सांगणं मुलांशी अप्रामाणिकपणाचं होईल. मंजूर पदं कमी, त्यातली बरीच कंत्राटी, मानधन तुटपुंजं, आणि एका माणसाच्या टेबलावर सगळ्या जिल्ह्याचा ढीग. आदर्श कारागृह नियमपुस्तिका म्हणते, दोनशे बंद्यांमागं एक सुधार अधिकारी आणि पाचशे बंद्यांमागं एक मानसशास्त्रज्ञ हवा. २०२५ च्या 'इंडिया जस्टिस रिपोर्ट'नुसार देशभरच्या तुरुंगांत मिळून मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ आहेत अवघे पंचवीस. पूर्वी मी या तुटवड्यावरून निष्कर्ष काढायचो, की जागा नाहीत, म्हणून शिकू नका. आता म्हणतो, गरज ठरलेली आहे, नियम लिहिलेला आहे, म्हणून पदं भरण्याची मागणी करा आणि ती भरली जातील तेव्हा तयार असा. ज्या घराला उद्याच पगार हवा, त्या घरच्या मुलाला मी अजूनही आधी भरतीच सांगतो आणि नोकरी लागल्यावर हा अभ्यास कर म्हणतो.

तिसरं, म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याचं कारण. ते माझ्या मनातून सगळ्यांत उशिरा हललं आणि पूर्ण गेलेलंही नाही. फिर्यादीच्या दुःखाची किंमत कमी करणारी कोणतीही सहानुभूती मला आजही मान्य नाही. पण या अभ्यासक्रमात पीडितांचा अभ्यास हाही एक भाग आहे, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. परिविक्षा कायद्याच्या पाचव्या कलमानुसार सोडलेल्या माणसाला नुकसानभरपाई द्यायला लावता येते, आणि ती देण्यात त्याला मदत करणं हे परिविक्षा अधिकाऱ्याचं काम आहे. मनोधैर्य योजनेतून मदत मिळवताना पीडित मुलीच्या शेजारी बसायलाही हेच प्रशिक्षण उपयोगी पडतं. आणि साधा व्यवहार असा, की आत गेलेल्यांतले जवळजवळ सगळे कधी ना कधी बाहेर येणार आहेत, याच जिल्ह्यात राहणार आहेत. तो माणूस कुठं राहील, काय काम करील, दारू सोडील का, त्याची मुलं शाळेत जातील का, यावर पुढच्या फिर्यादीचं घर सुरक्षित राहणं अवलंबून आहे. यवतमाळ शहरात टोळ्यांच्या वैरातून तरुण पोरं मेली, तेव्हा आपण आणखी पोलीस मागितले, ते बरोबरच होतं. निरीक्षणगृहातून परतलेल्या पोराला टोळीनं पुन्हा उचलण्याआधी त्याला भेटणारा माणूसही आपण मागायला हवा होता.

एका बाबतीत माझी अपेक्षा मात्र वाढली आहे. दयाळू स्वभाव हे या क्षेत्राचं भांडवल, असं मी समजत होतो. ते अहवाल वाचल्यावर कळलं, की इथं दया पुरत नाही. आईनं सांगितलेलं तपासून घ्यावं लागतं, शेजाऱ्याचा राग बाजूला काढावा लागतो, आरोपीच्या विरोधात जाणारी माहितीही लिहावी लागते, कारण एकदा खोटं लिहिलं की पुढच्या दहा अहवालांवरचा कोर्टाचा विश्वास उडतो. माझ्या विद्यार्थिनीनं एका अहवालात स्पष्ट लिहिलं होतं, की या मुलाला सध्या घरी पाठवणं त्याच्या धाकट्या बहिणीसाठी धोक्याचं आहे. ते वाक्य लिहायला किती बळ लागलं असेल, हे मला कळलं. अशी माणसं शिकवून, राबवून, तपासून घडवावी लागतात.

म्हणून आता मी बोलतो ते असं. यवतमाळात सावित्री ज्योतीराव समाजकार्य महाविद्यालय आहे, अमरावती विद्यापीठाच्या छत्राखाली समाजकार्याचं शिक्षण आहे, कायद्याचं शिक्षण आहे. या सगळ्यांनी मिळून क्षेत्रकार्यासाठी मुलं बाल न्याय मंडळात, विधी सेवा प्राधिकरणात आणि कारागृहात नियमित पाठवावीत. गोरमाटी, कोलामी, गोंडी येणाऱ्या मुलांना ती भाषा हीच तुमची पात्रता आहे, असं स्पष्ट सांगावं. अहवाल लिहिण्याचं मराठी शिकवावं: साधं, तपशिलाचं, बाजू न घेणारं. आणि पोलीस भरतीच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांपर्यंतही ही माहिती पोचवावी, कारण त्यांच्यातलेच काही उद्या बराकीच्या किल्ल्या हातात घेणार आहेत. आता पुन्हा एखादी मुलगी हा विषय घ्यायचा म्हणून विचारायला आली, तर तिच्या वडिलांना मी स्वतः भेटून सांगणार आहे: मुलीला शिकू द्या, तिच्या कामाची या जिल्ह्याला गरज आहे.